पाणी नसलेल्या दिवशी गळणारं छत

आमच्या बाथरूमच्या बरोबर खाली ज्यांचं बाथरूम आहे त्या काकूंचं म्हणणं असं होतं, की त्यांचं छत फक्त पाणी बंद असलेल्या दिवशी गळतं. रोज नाही. आठवड्यातून एकदा, नळाला थेंब नसतो त्या दिवशी, दुपारी बारा-एकच्या सुमाराला.

हे ऐकून कोणीही हसेल. मीही हसलो. नुसतं हसून थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो.

खांदा कॉलनीतल्या या इमारतीत मी बावीस वर्षं राहतो आहे, दुसऱ्या मजल्यावर. काकू पहिल्या मजल्यावर, आमच्याही आधीपासून. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, बेने इस्रायल, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंपैकी, माहेर आपट्याचं. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या. काका गेले त्याला दहा वर्षं झाली. नातेवाईक एकेक करून इस्रायलला गेले, शेवटी मुलगाही गेला. काकू राहिल्या. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असते: डाळ कधी आणली, औषध कधी उघडलं. छताखाली बादली कोणत्या दिवशी ठेवली, तेही त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं.

ती वही घेऊन त्या सोसायटीच्या मीटिंगला आल्या आणि उभं राहून त्यांनी तारखा वाचून दाखवल्या. सेक्रेटरींनी मोबाईलमध्ये पाहिलं आणि म्हणाले, "काकू, हे तर सगळे शटडाऊनचे दिवस आहेत."

"तेच मी सांगते आहे."

"म्हणजे आम्हाला प्यायला नाही आणि तुमच्याकडे वरून येतं?" मागून कोणीतरी म्हणालं. "आम्हीपण बादल्या घेऊन येतो मग."

हशा झाला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण वरचा मी. मी म्हणालो, "त्या दिवशी तांब्याभर पाणी सांडायचं तर आमच्या घरात परवानगी लागते. गळायला कुठून आणू?" पुन्हा हशा. काकू हसल्या नाहीत. "ते मला माहीत नाही. गळतं एवढं माहीत आहे," म्हणाल्या आणि वही मिटून खाली बसल्या.

मी खोटं बोललो नव्हतो. आमची बाथरूमची फरशी खरोखरच कोरडी असायची. पण त्यानंतरच्या शनिवारी जे केलं त्याला कुठलीही सबब नाही.

शनिवारी काकू फोन घेत नाहीत, त्यांचा शब्बाथ असतो, शुक्रवारी दिवेलागणीला सुरू होणारा विश्रांतीचा दिवस. म्हणून त्यांच्या मुलाने मला फोन केला. लहानपणी तो आमच्या गच्चीत क्रिकेट खेळायचा, मला दादा म्हणतो.

"दादा, आईचं ते पाण्याचं काय आहे? दर आठवड्याला तेच सांगते."

"अरे, त्या दिवशी इमारतीतच पाणी नसतं," मी म्हणालो. "वय झालं की होतं असं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

तो म्हणाला, "मलाही तेच वाटत होतं. मागे म्हणाली, बँकेत एकच फॉर्म तीनदा भरायला लावला. नंतर म्हणाली, गॅसवाला एका दिवसात दोनदा आला. आता तिला एकटं ठेवण्यात अर्थ नाही. घर बंद करतो आणि इकडेच घेऊन येतो."

मी "बघ बुवा" असं काहीतरी बोललो. फोन ठेवल्यावर मला, खरं सांगतो, बरंच वाटलं. एका काळजीत पडलेल्या मुलाला आपण धीर दिला असं.

आठवड्याभराने माझी बायको जिन्यात काकूंशी बोलून वर आली. काकू तिला म्हणाल्या होत्या, "जायचं तर मी जाईनही. पण डोकं फिरलं म्हणून नेलं, असं जायचं नाही मला." बायकोने हे सांगितलं आणि भाजी चिरायला बसली. माझ्या फोनबद्दल तिला माहीत नव्हतं.

तेव्हापासून मला एक प्रश्न सुटेना. माणसाला भास व्हायचे तर रोज व्हावेत, नाहीतर कधीही व्हावेत. वेळापत्रकाप्रमाणे कसे होतील? आणि ज्याला उगाच तक्रार करायची आहे तो लोकांना पटेल असं बोलतो. काकू तर न पटणारी गोष्ट वहीत तारखा घालून सांगत होत्या. मी तळोज्याच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो. एकच दोष ठरावीक दिवशीच येत असेल तर आम्ही मालाकडे बघत नाही, त्या दिवशी वेगळं काय केलं ते बघतो. कारखान्यात हे मला लगेच सुचलं असतं. घरी सुचायला तीन आठवडे लागले.

पाणी बंद असलेल्या दिवशी आम्ही काहीच करत नाही. पण आदल्या दिवशी?

आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप येतो आणि संध्याकाळी सहा ते सात इमारतीत जास्तीचं पाणी सोडतात. त्या तासात घरात रिकामं भांडं राहू द्यायचं नाही हा आमचा नियम. पिंप, बादल्या, कळशी, कुकरसुद्धा. आणि मी बाथरूममधलं बेसिनही भरतो. तळाला रबरी बूच लावायचं, नळ सोडायचा आणि स्वयंपाकघराकडे पळायचं. दुसऱ्या दिवशी हात-तोंड धुवायला तेवढंच मगाने घेता येतं. बेसिन काठावरून कधी सांडलं नाही, कारण वरच्या काठाखाली आतल्या बाजूला एक गोल भोक असतं, त्यातून जास्तीचं पाणी निघून जातं. मी सगळी भांडी भरून परत येईपर्यंत ते अर्धा-पाऊण तास त्या भोकातून शांतपणे वाहत असायचं.

ते कुठे जातं, हा विचार मी पन्नाशी उलटेपर्यंत कधी केला नव्हता. भोक रोज डोळ्यांसमोर होतं. दात घासताना त्यात फेस जातो म्हणून मी ते जुन्या ब्रशने साफही करायचो.

मी प्लंबरला बोलावलं. गव्हाणचा माणूस, आमच्या भागात बरीच वर्षं कामं करतो. बेसिनखाली पांढरा चिनी मातीचा खांब असतो, ज्याच्या आड सगळे पाइप लपलेले असतात. त्याने तो बाजूला सरकवला, मोबाईलचा उजेड पाडला आणि वर माझ्याकडे पाहिलं.

"ह्यो कपलिंग कोनी बसवलाय?"

कपलिंग म्हणजे बेसिनच्या तळाच्या भोकात बसते ती जाळीची नळी. जुनी ठिबकत होती म्हणून गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती मी स्वतः बदलली होती. पण त्याच्या आवाजात असं काही होतं की मी म्हणालो, "आधी एक प्लंबर आला होता."

"प्लंबर नव्हता तो. केक बनवनारा असंल. वरतून सिलिकॉन बघा कसा लावलाय, नक्षी काढल्यासारखा. आनि खाली, जिथं पायजे, तिथं नाय." मग त्याने ब्रशच्या दांडीने ते वरचं भोक दाखवलं. "ह्या बेसिनला भोक हाय ना? मग कपलिंगलापन भोकं पायजेत. ह्याला नाय."

उरण नाक्याजवळच्या दुकानात मला विचारलं होतं, भोकवालं देऊ की बिनभोकाचं. काउंटरवर दोन्ही ठेवली होती. एकाच्या अंगाला दोन लांबट खाचा होत्या, दुसरं सलग. मी म्हणालो, भोकं कशाला? दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला टेप मोजून देत होता. "बेसिनप्रमाणे असतं," तो म्हणाला. मी मनात म्हटलं, गळती बंद करायला निघालेल्या माणसाने भोकं पाडलेली वस्तू कशाला घ्यायची? सलग घेतलं. घरी येऊन व्हिडिओ बघत बसवलं, वरून गोल सिलिकॉन फिरवलं आणि बायकोला बोलावून दाखवलं. खाली नटाशी हात पोचत नव्हता, तिथे रबर जसं बसलं तसं बसू दिलं.

प्लंबरने मला बसून समजावलं. बेसिन भरीव दिसतं, पण आतून पोकळ वाट असते. वरच्या भोकातलं पाणी त्या वाटेने तळाशी येतं आणि कपलिंगच्या खाचांतून आत शिरून पाइपाला लागतं. खाचा नसतील तर पाणी बंद दारावर येऊन थांबतं. मग खालच्या रबराच्या फटीतून बाहेर पडतं, पाइपाच्या बाहेरच्या अंगाने उतरतं आणि पाइप जिथे फरशीत जातो तिथल्या बोटभर मोकळ्या जागेतून फरशीखालच्या भरावात मुरतं; तिथून झिरपत खालच्या छताला पोचायला रात्र उलटून जाते. हे सगळं त्या पांढऱ्या खांबाच्या आत. म्हणून फरशी कोरडी.

"रोज वापरताना नाय गळनार," तो म्हणाला. "त्या भोकात पानी गेलं तरच. आनि भोकात पानी कवा जातं? बेसिन भरला तरच. कोन भरतो बेसिन?"

माझं लक्ष काठावरच्या रबरी बुचाकडे गेलं.

"खात्री करायची तर कुंकू टाका. पानी मुकं असतं, रंग लावला का बोलतं." उलव्याला त्याचं मोठं काम चालू होतं. रविवारी भोकवालं कपलिंग घेऊन येतो म्हणून तो गेला.

मला रविवारपर्यंत धीर नव्हता. खरं तर खात्री झालीच होती, पण मला ते पाणी जाताना बघायचं होतं. बायकोला कुंकू मागितलं.

"मोरीत टाकायला? देव्हाऱ्यातलं मिळणार नाही." मग कपाटातून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मिळालेल्या पुड्यांची पिशवी काढून दिली. वर्षानुवर्षांच्या पुड्या होत्या. "हे घ्या. संपवा एकदाचं."

गुरुवारची संध्याकाळ होती. तांब्यात चार पुड्या कालवून मी बारीक धारेने त्या वरच्या भोकात ओतलं आणि लगेच गुडघ्यावर बसून खाली पाहिलं. दहा-बारा आकडे मोजेपर्यंत काहीच नाही. मग नटाच्या खाली एक लाल मणी तयार झाला, फुगला, सुटला आणि पाइपावरून रेघ ओढत फरशीच्या फटीत गेला. त्याच्यामागे दुसरा. पुढे धारच लागली. मी आणखी एक तांब्या ओतला, मग तिसरा. हे लिहायला लाज वाटते, पण त्या वेळी मला काकू आठवल्याच नाहीत. एक कोडं सुटताना बघण्यात मी रंगून गेलो होतो.

काकू आठवल्या त्या हात धुताना. आणि त्याबरोबर एक सोयीची गोष्टही लक्षात आली. रविवारी प्लंबर येईल, काम होईल, गळती थांबेल. कोणाला काही सांगायची गरजच नाही. छत गळायचं थांबलं तर लोक म्हणतील, काकूंच्या डोक्यातलं ते गेलं वाटतं. तेही त्यांच्याच खात्यावर जाईल. मी टॉवेलला हात पुसले आणि ठरवलं, की असंच करायचं.

शुक्रवारी मला सुट्टी असते. दुपारी बारा वाजता दाराची बेल वाजली. काकू उभ्या होत्या, हातात स्टीलची वाटी. वाटीत फिकट गुलाबी पाणी.

"हे आज माझ्या छतातून आलं," त्या म्हणाल्या. "मी तीस वर्षं काचेच्या नळ्यांमधले रंग बघितलेत. हे कुंकू आहे. आमच्या घरात कुंकू येत नाही. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून कधी आलेलं नाही. मग ते माझ्या छतात कसं आलं, एवढं मला सांगा."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, वाटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मी म्हटलं होतं," एवढं बोलून परत आत गेली. तिने नेमकं काय म्हटलं होतं हे मला आजही आठवत नाही, पण बरोबरच असणार.

"प्लंबरने सांगितलं म्हणून टाकलं," मी म्हणालो.

"प्लंबरने टाकलं?"

"नाही. मी."

"आणि ते पाणी जिथून गळलं, ते कोणी बसवलं होतं?"

"तेही मीच."

त्यांनी बाथरूम दाखवायला सांगितलं. खांब बाजूलाच होता. गुडघे दुखत असूनही त्या भिंतीला धरून वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. "किती ओतलंत?"

"तीन तांबे."

"म्हणजे सव्वादोन-अडीच लिटर धरा. माझ्याकडे वाटीभर पोचलं. बाकीचं अजून मध्येच आहे." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. त्यांनाही ते बघण्यात रस होता, आणि त्यामुळेच मला पुढचं दडवून ठेवणं अशक्य झालं. त्यांच्या मुलाला मी फोनवर काय बोललो होतो ते मी सांगितलं. शब्दाला शब्द.

तेव्हा त्या बाहेर येऊन खुर्चीवर बसल्या.

"केव्हा?"

"महिना होईल."

"म्हणून तो घर बंद करायचं बोलायला लागला." त्यांनी वाटी टीपॉयवर ठेवली. "मला वाटलं, माझ्याच बोलण्यात काही कमीजास्त होतंय. मी रोज त्याच्याशी बोलायच्या आधी काय बोलायचं ते लिहून काढायला लागले होते."

मी म्हणालो, त्याला आज-उद्या फोन करून सगळं सांगतो.

"उद्या नाही. आत्ता. दिवे लागले की माझा फोन बंद, मग उद्या संध्याकाळपर्यंत. तोपर्यंत तुमचा धीर टिकेल असं मला वाटत नाही."

त्यांनीच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, मुलगा कामाला निघायच्या घाईत होता. काकूंनी फोन माझ्या हातात दिला. "आधी तेव्हा बोललात ते बोला. मग बाकीचं."

मी बोललो. त्यांच्यासमोर, त्यांच्या मुलाकडे बघत, "वय झालं की होतं असं" हे वाक्य म्हटलं. चार-पाच शब्दांचं वाक्य. पण तोंडातून बाहेर काढायला जड गेलं. मग बेसिन, कपलिंग, भोक, आदल्या दिवशीचा तास, कुंकू. कॅमेरा वाटीवर धरला.

तो म्हणाला, "म्हणजे गळत होतं."

"हो."

"आणि फक्त त्याच दिवशी."

"फक्त त्याच दिवशी. आई म्हणत होत्या तसंच."

मग त्याने आईला विचारलं, "मग ते बँकेतलं? तीन फॉर्म?"

"तिन्हीची झेरॉक्स आहे माझ्याकडे."

"आणि गॅसवाला?"

काकूंनी विचार केला. "तो माझा गोंधळ झाला. एकदाच आला होता. दुसऱ्यांदा आला तो कुरिअरवाला."

तो हसला. "तिकिटाचं काय करू आता?"

"येईन मी. नातीची परीक्षा झाली की येईन, दोन महिने राहीन. परतीचं तिकीट त्याच वेळी काढ. आणि घर बंद करायचं म्हणालास, ते मागे घे."

"घेतलं, आई."

फोन ठेवल्यावर त्यांनी न सांगताच मी ग्रुपवर लिहायला घेतलं. "खालच्या मजल्यावरील गळतीबाबत थोडा गैरसमज झाला होता" एवढं लिहून त्यांना वाचून दाखवलं.

"कोणाचा?" त्यांनी विचारलं.

मी ते पुसलं आणि लिहिलं, की गळती माझ्या बेसिनची होती, कपलिंग मी चुकीचं बसवलं होतं, आणि काकूंनी वाचलेल्या सगळ्या तारखा बरोबर होत्या. त्या मान हलवून उठल्या. वाटी बरोबर घेऊन गेल्या.

रविवारी प्लंबर आला. जुनं सिलिकॉन पात्याने खरवडलं, पिशवीतून भोकवालं कपलिंग काढलं, वरच्या कडेखाली नवीन सिलिकॉन दिलं, खालच्या आट्यांना टेप गुंडाळला. आधी रबर, मग चकती, मग नट, आणि नट हातानेच आवळून पान्याने फक्त थोडा. "जास्त आवळला का बेसिनला तडा," म्हणाला. पाइपाभोवतीची फट पांढऱ्या सिमेंटने बुजवली. दिवसभर पाणी सोडू नका म्हणाला. मी त्याला सांगून टाकलं, की तो केकवाला मीच.

"ते मला तवाच कळला," तो म्हणाला. "तुमच्या खिडकीत सिलिकॉनची अर्धी ट्यूब व्हती."

त्या आठवड्यातही पाणी बंद होतं. आदल्या संध्याकाळी मी मुद्दाम बेसिन भरलं आणि भोकातून अर्धा तास वाहू दिलं. दुसऱ्या दिवशी रजा काढून बाराच्या आधीच काकूंकडे गेलो. त्यांनी बाथरूमच्या दारात दोन स्टुलं मांडून ठेवली होती. आम्ही छताकडे बघत बसलो. गुलाबी डाग वाळून कडेला तपकिरी झाला होता. बारा वाजले, साडेबारा, एक. एक थेंब नाही. त्यांच्या इस्रायलच्या प्रवासाबद्दल थोडं बोललो. मला वाटलं, आता माफी मागायची हीच वेळ. मी उठून उभा राहिलो.

"बसा," काकू म्हणाल्या. "तुमच्या पाण्याला उशीर लागतो. अजून पंधरा मिनिटं बघू."

मी बसलो.